चार अक्षतांचा पुरावा

माझ्या बायकोच्या दुकानाला पाटी नव्हती. कामोठ्यातल्या आमच्या घरात, आतल्या खोलीतलं एक लोखंडी कपाट आणि तिच्या हातातला मोबाइल, एवढंच ते दुकान. ती शिवलेल्या नऊवारी साड्या विकायची. नऊवारी नेसता येत नाही पण घरच्या लग्नात तीच हवी असते, अशा बायका फोटो पाहून रंग निवडायच्या, मापं कळवायच्या, कार्डाने पैसे भरायच्या, आणि पंधरा दिवसांत साडी घरपोच जायची. दोन पाय घालून वर ओढायची, कमरेला हूक लावायचे, पदर खांद्यावर टाकायचा, की झालं. असल्या वस्तूला साडी म्हणायला मी बरीच वर्षं तयार नव्हतो. ती म्हणायची, तुम्हाला कुठे नेसायची आहे.

मी सीवूड्सच्या बाजूला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तेव्हा तिचं दुकान ऐन भरात होतं. दुपारी ती आतल्या खोलीत दार लोटून पार्सलं बांधायची आणि मी बाहेर खिडकीशी वाचत बसायचो. दार लोटायचं कारण व्हिडिओ. प्रत्येक पार्सल बांधतानाचा ती व्हिडिओ काढायची, आणि मध्येच मी चहाचं विचारलं तर तिला सगळं पुन्हा करावं लागे.

हा व्हिडिओ आधी नव्हता. दोनदा फसल्यावर आला. पहिल्यांदा एका बाईने पार्सल मिळालंच नाही अशी तिच्या बँकेकडे तक्रार केली. कार्डाने भरलेल्या पैशांचं असं असतं, की गिऱ्हाइकाने तक्रार केली की बँक आधी पैसे अडवते आणि मग चौकशी करते. विक्रेत्याच्या वतीने पैसे गोळा करणारी एक कंपनी मध्ये असते, ती विक्रेत्याकडे पुरावा मागते. आमच्याकडे कुरिअरचा कागद होता आणि त्यावर सही म्हणून एक वेडीवाकडी रेघ. आम्ही हरलो. पुढे कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोंत बायकोला तीच बाई तीच साडी घालून उभी दिसली. ती बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिली आणि म्हणाली, फिटिंग मात्र छान आलंय.

दुसऱ्या वेळी, साडी परत केली म्हणून जे खोकं आलं त्यात एक जुनी चादर होती. खोकं परत पोचल्याची नोंद सगळीकडे होती, आत काय होतं याची कुठेच नव्हती. तीही तक्रार हरलो. कंपनीचं पत्र आलं, की अशी तिसरी तक्रार हरलात तर तुमचं खातं बंद होईल. खातं बंद म्हणजे दुकान बंद. आणि दुकान काही आमच्या एकट्याचं नव्हतं. साड्या शिवायच्या त्या वहिनी नावड्याच्या कॉलनीत राहायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. नवऱ्याची तळोज्यातली नोकरी गेल्यापासून त्यांचं घर याच साड्यांवर चाललं होतं.

तेव्हापासून बायकोने नियम केले. साडीची घडी घालण्यापासून खोक्याला चिकटपट्टी लावेपर्यंत एकच सलग व्हिडिओ. स्वयंपाकघरातला काटा आणून खोक्याचं वजन कॅमेऱ्याला दाखवायचं. ओटीपी सांगितल्याशिवाय कुरिअरवाल्याने पार्सल द्यायचं नाही. गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायचं नाही, जे काय ते लिहून. परत आलेलं खोकंही कॅमेऱ्यासमोरच उघडायचं. हे सगळं तिने एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. भाजीवाल्याने सुटे परत दिले तर न मोजता पर्समध्ये टाकणारी बाई ती. तिच्या अक्षरातला तो कागद वाचताना मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायचा.

मग ती आजारी पडली. ताप म्हणून दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही. लिहिता येईल असं अजून वाटत नाही.

तेराव्यानंतर मी तिचा मोबाइल चालू केला. त्यात कंपनीची मेल होती. नाशिकच्या एका बाईने बँकेकडे तक्रार केली होती, की साडी सांगितलेल्या मापाची नाही, उंचीला आखूड आहे, मी ती परत पाठवली आहे, माझे पैसे द्या. उत्तर द्यायला मला चार दिवस उरले होते. ऑर्डर कोणती ते पाहिलं. मोरपंखी रंगाची साडी, बायकोने हॉस्पिटलात जायच्या दोन दिवस आधी बांधलेली. तिने बांधलेलं ते शेवटचं पार्सल.

व्हिडिओ मोबाइलमध्ये होता. चार मिनिटांचा. त्यात ती दिसत नाही, नुसते हात दिसतात. हात साडी उलटीपालटी करून दाखवतात, घडी घालतात, पिशवीत सरकवतात, खोकं काट्यावर ठेवतात. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते सांगत नाही. त्यातल्या काही वेळा पुराव्यासाठी होत्या.

परत आलेलं खोकं खाली वॉचमनच्या केबिनमध्ये पडून होतं. आमच्याकडे माणसांची ये-जा होती त्या दिवसांत, म्हणून त्याने वर पाठवलं नव्हतं, असं तो म्हणाला. मला ते पटलं नाही. चिकटपट्टी कुणी उचकटून पुन्हा लावली आहे का ते मी त्याच्यासमोरच नखाने तपासलं. त्याने रजिस्टर पुढे केलं आणि मी सही केली.

मी नियमाप्रमाणे केलं. टेबलावर पुस्तकांची चळत रचली, तिला मोबाइल टेकवला, कात्री घेतली आणि खोकं उघडलं. आत साडीच होती, चादर नव्हती. घडी वेगळी होती. एक वास येत होता, उंची अत्तरासारखा. मी साडी दोन्ही हातांनी धरून झटकली, आणि फरशीवर काहीतरी टपटपलं. खाली वाकून पाहिलं. कुंकवात घोळलेल्या तांदळाचे चार दाणे. अक्षता.

मला आनंद झाला. हे लिहायला हवं, कारण तिच्यानंतर झालेला तो पहिला आनंद होता. सगळं लख्ख दिसलं. बाई ही साडी घालून लग्नात मिरवली, मंगलाष्टकांना पुढे उभी राहिली, वरून पडलेल्या अक्षता निऱ्यांत अडकल्या, आणि मग आखूड आहे म्हणून साडी परत. वर पैसेही परत. मी ते दाणे चिमटीत धरून कॅमेऱ्याजवळ नेले. एकेक करून, चारही.

मग तिचं आणि बायकोचं लिहून झालेलं बोलणं वाचलं. सुरुवातीला मापं, रंग, धाकट्या बहिणीचं लग्न आहे वगैरे. साडी मिळाल्याच्या दिवशी तिने लिहिलं होतं, की ताई, साडी सुरेख आहे पण घोटे दिसतायत, उंची वाढवून मिळेल का, लग्नाला अजून बारा दिवस आहेत. उत्तर नव्हतं. तोवर बायकोला ऑक्सिजन लागला होता. दोन दिवसांनी, ताई उत्तर द्या ना. पुढे, ताई तुम्ही बऱ्या आहात ना, तुम्ही लगेच उत्तर देणाऱ्या, म्हणून काळजी वाटते. आणि शेवटी लग्न झाल्यावर, की मी साडी परत पाठवली आहे, बँकेतही तक्रार केली आहे, माझा नाइलाज आहे.

पुरावा म्हणून या बोलण्याचे फोटो जोडायचे होते. मी मापांचा भाग घेतला, 'साडी सुरेख आहे' ही ओळ घेतली आणि शेवटचा निरोप घेतला. मधले दोन घेतले नाहीत. त्यांचा विषयाशी संबंध नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आयुष्यभर मी संदर्भसूची करणाऱ्या मुलांना बजावत आलो होतो, की सोयीचं तेवढं उचलू नका.

बाईची पुरती खात्री झाली, तरी मला दुसरी शंका खात होती. साडी परत केली तर उंचीचीच तक्रार करावी, हे तिला सुचवलं कुणी? मापांची चिठ्ठी दोघींकडेच असायची, एक बायकोकडे आणि एक नावड्याच्या वहिनींकडे. बायको हॉस्पिटलात असताना वहिनींनी गिऱ्हाइकांशी परस्पर संबंध जोडले असतील तर? दुकान असंही बंद पडणार, मग आपलं आपण बघू, असं त्यांना वाटलं असेल तर? आता हे वाचताना लाज वाटते. पण त्या दिवसांत माझं मन एखाद्या कुलूप लावलेल्या खोलीसारखं झालं होतं. बाहेर कुणीही चाललं तरी ते चोरच वाटायचं.

मी नावड्याला गेलो. वहिनींना तक्रारीबद्दल काही सांगितलं नाही. इकडचं तिकडचं बोललो. गिऱ्हाइकांचे फोन तुम्हाला येतात का, असं विचारलं. त्या नाही म्हणाल्या. मशीनशेजारी त्यांचा मोबाइल होता, तो वाजला तेव्हा मी नाव वाचायला मान वळवली. त्यांनी ते पाहिलं. मोबाइल उचलून त्यांनी पालथा ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या. मला तेही संशयास्पद वाटलं.

घरी येऊन मी उत्तर लिहिलं. चांगलं इंग्रजी लिहितो मी. कंपनीत बसणाऱ्या माणसाला अक्षता म्हणजे काय ते माहीत नसेल म्हणून एक परिच्छेद त्यावर लिहिला, की लग्न लागताना जमलेली माणसं वधूवरांवर कुंकू लावलेले तांदूळ टाकतात आणि ते जवळच्यांच्या कपड्यांवर पडतात. वस्त्राला सुगंधी द्रव्याचा वास आहे, असंही लिहिलं. वापरलेली साडी परत करून पैसे मागणे हा उघड अप्रामाणिकपणा आहे, असा शेवट केला. चारही दाणे एका पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवली, कुणी मागितले तर असावेत म्हणून.

तीन आठवड्यांनी निकाल आला. आम्ही जिंकलो होतो.

ती बातमी सांगायला मी साडी घेऊन पुन्हा नावड्याला गेलो. साडी धुऊन, लागल्यास थोडी उसवून पुन्हा विकता येईल का ते विचारायचं होतं. खरं म्हणजे वहिनींचा चेहरा बघायचा होता, असंही म्हणता येईल. मी त्यांना सगळं सांगितलं. तक्रार कशी आली, दुकानावर कशी टाच येणार होती, आणि अक्षतांमुळे कसं निभावलं. अक्षतांचं सांगताना माझा आवाज जरा चढला असावा.

वहिनी हातातलं काम ठेवून ऐकत होत्या.

"अक्षता व्हय," त्या म्हणाल्या. "सर, त्या ताईच घालायच्या की."

मला कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातून साडी घेतली, कमरेची पट्टी उलटी केली आणि आतून शिवलेला छोटा खिसा बाहेर ओढला. मोबाइल किंवा पैसे ठेवायला असा खिसा त्या प्रत्येक साडीला लावायच्या. मला तो असतो हेच माहीत नव्हतं. खिशाच्या शिवणीत आणखी दोन लाल दाणे अडकलेले होते.

त्यांनी सांगितलं ते असं. लग्नाची साडी हातात देताना रिकामी देत नाहीत. कुंकू लावतात, चार अक्षता ठेवतात. पार्सलात कुंकू घातलं तर डाग पडायचा, म्हणून बायको सुकवलेल्या अक्षता खिशात टाकायची. साडी शिवून तिच्याकडे गेली की आधी हे करायची, मग हात धुऊन कॅमेरा लावायची. कॅमेऱ्यात का नाही, असं वहिनींनी एकदा विचारलं होतं. तर म्हणाली, हे काय दाखवायचं असतं का.

मी म्हटलं, वास येतो साडीला, अत्तराचा. वहिनींनी साडी नाकाशी नेली. "वाळा हाय ह्यो. ताईंच्या कपाटातला." आणि खरंच, घरी जाऊन पाहिलं तर कपाटाच्या खालच्या कप्प्यात वाळ्याची जुडी होती. तीस वर्षं त्या कपाटातले कपडे घालून मी कॉलेजात गेलो होतो.

मग न विचारता त्यांनी साडी दिव्याखाली पसरली आणि दोन्ही पायांमधली शिवण बोटांनी ताणून बघितली. एकदा जरी लग्नभर घालून बसलं-उठलं, तरी इथला दोरा सैल पडतो, म्हणाल्या. हा पडलेला नव्हता. घालून बघितली असेल, फार तर पाच मिनिटं. त्यानंतर त्यांनी गळ्यातली टेप काढली, भिंतीच्या खिळ्यातून जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, त्यातली एक शोधली आणि साडीची उंची मोजली. पुन्हा मोजली.

"दीड इंच कमी हाय," त्या म्हणाल्या. "माजी चूक. त्या बाई खरं बोलत्यात."

त्या चुकीचं कारण त्यांनी दिलं नाही, मीही विचारलं नाही. तो आठवडा कुणाचाच धड नव्हता.

घरी आल्यावर मी नाशिकच्या बाईंना फोन केला. फोनवर बोलायचं नाही हा नियम मोडला. दोनदा त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. मी दुकानाचं नाव सांगून म्हटलं, की तुमचे पैसे परत करायचे आहेत.

"ओटीपी मी देणार नाही," त्या म्हणाल्या. "लिंकवर क्लिक करणार नाही आणि कसलं ॲपही घेणार नाही. आधीच सांगते."

मी म्हटलं, काहीच द्यायला नको, ज्या कार्डावरून आले त्यावरच परत जातील. त्यांनी विचारलं, की मग फोन कशाला केलात. ताई कुठे आहेत? त्यांना द्या फोन. मी सांगितलं, ताई गेल्या. मग त्या म्हणाल्या, की माफ करा, पण मागच्या महिन्यात मला एकाचा फोन आला होता, तुमच्या काकांचा अपघात झालाय, पैसे पाठवा म्हणून. माणसं काहीही सांगतात. तुम्ही कोण?

मी कोण हे सिद्ध कसं करायचं ते मला सुचेना. नवरा, एवढंच म्हणालो. त्या ज्या तारखांना उत्तर मागत होत्या त्या तारखा मी सांगितल्या, आणि त्या प्रत्येक तारखेला ती कुठल्या वॉर्डात होती तेही. ते ऐकून त्यांचा आवाज उतरला. म्हणाल्या, की मला वाटलंच होतं काहीतरी झालंय.

मी अक्षतांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, खिशात होत्या ना, बघितल्या मी. फेकायच्या कशा म्हणून तशाच राहू दिल्या. लग्नात त्यांनी बहिणीचीच जुनी साडी नेसली होती, कुणाकडून तरी नेसवून घेऊन.

मी पुन्हा पैशांचं काढलं, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"पैसे राहू द्या हो. बँकेने मला काय पाठवलंय माहितीये का? साडी वापरून परत केली, तक्रार अप्रामाणिक, असं. माझं नाव घालून. मी शाळेत शिकवते. ते आधी खोडा."

अप्रामाणिक हा शब्द माझाच होता. मी इंग्रजीत लिहिलेला, तिथे कुणीतरी तसाच उतरवून घेतलेला.

पैसे मला गुपचूप परत करता आले असते. दुकानाच्या खात्यातून तशी सोय होती आणि त्याने तक्रार हरल्याचं धरलं जात नव्हतं. पण माझा पुरावा चुकीचा होता असं लेखी दिलं, तर ही तक्रार हरल्यातच जमा होणार होती. तिसरी. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी नावड्याला गेलो. काम जाणार होतं ते वहिनींचं. त्यांना न विचारता कसं लिहायचं, असं माझं म्हणणं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी नको म्हणावं म्हणून आलाय का तुमी?"

 तसं नव्हतं असं मला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

"लिवा," त्या म्हणाल्या. "बाईंना खोटं पाडून माजं मशीन चालायला नको. ताई असत्या तर इचारायला हितवर आल्याच नसत्या."

मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, तेही यंत्राने पाठवलेलं, की ही तक्रार आपल्या बाजूने निकाली निघाली आहे, आपल्याला काही करण्याची गरज नाही, अभिनंदन. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. फसवणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध काय काय जोडायचं याचे सोळा रकाने त्यांच्या पानावर होते. विक्रेत्याची चूक झाली असं लिहायला एकही नव्हता. मग मी साध्या कागदावर, हाताने, मराठीत आणि खाली इंग्रजीत, घडलं ते लिहिलं. अक्षता कुणी ठेवल्या होत्या, वास कशाचा होता, उंची किती कमी होती, आणि कोणते दोन निरोप मी मुद्दाम गाळले होते. ते दोन निरोपही या वेळी जोडले. सही केली आणि कागद नाशिकला पाठवला, बँकेत दाखवायला.

त्यांचा निरोप आला. "मिळालं. बँकेत देते. ते काय म्हणतात ते कळल्यावरच विश्वास ठेवीन. राग मानू नका." मी राग मानला नाही. माझ्या जागी बायको असती तर तिने त्यांना हेच शिकवलं असतं.

बँकेने प्रकरण पुन्हा उघडलं. महिन्याभराने नाशिकहून दोन शब्द आले, नाव खोडलं. त्याच आठवड्यात कंपनीची मेल आली, की खातं बंद करण्यात येत आहे. कारण म्हणून एक आकडा दिला होता, तिसऱ्या तक्रारीचा असावा. मेलमध्ये बायकोचं नाव होतं आणि त्यापुढे, आपल्याला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.

वहिनींना ते सांगायला मी गेलो तेव्हा त्यांच्या मशीनवर शाळेचे गणवेश होते. निळे, ढीगभर. पनवेलच्या एका दुकानाचं काम, म्हणाल्या. नऊवारीपेक्षा मजुरी निम्मी, पण रोज असतं. मी विचारलं, कधी धरलंत हे काम. तर म्हणाल्या, तुम्ही त्या दिवशी आला होता ना, माझ्या फोनात बघत होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी. "तुमचा माज्यावर वहीम हाय हे कळलं मला. मग म्हटलं आपलं आपण बघावं."

मी त्यांच्याबद्दल जे उगाच धरून बसलो होतो, ते मीच त्यांच्याकडून करवून घेतलं होतं. माफी मागितली. त्या म्हणाल्या, असू द्या, त्या दिवसांत तुमचं चित्त कुठं ठिकाणावर होतं. पण आवाजात पूर्वीची ऊब नव्हती, आणि ती मागायचा मला हक्कही नव्हता.

खातं बंद होण्याआधी मागवलेल्या दोन साड्यांचे पैसे येऊन गेले होते, त्या तरी शिवून द्यायला हव्या होत्या. त्यांचं कापड मी बरोबर नेलं होतं. पुढे काय करायचं, तुमच्या नावाने खातं काढू का, मी मोबाइलचं आणि लिहिण्याचं बघेन, असं मी विचारलं. बघू, म्हणाल्या. गणवेशांचा ढीग एका बाजूला सारून त्यांनी कापड जमिनीवर उलगडलं, टेप घेतली, आणि एक टोक माझ्या हातात दिलं. किती भरलं ते त्यांनी मला मोठ्याने म्हणायला लावलं. मग टोकं बदलून पुन्हा मोजलं, आणि आकडा चिठ्ठीवर लिहून खाली माझी सही घेतली.